पंधरा ऑगस्ट, ओमा गावचा

आखातात, अल् खुवैरच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक आयरिश बाई बसायच्या. वयाने माझ्या आईएवढ्या, कामाला वाघ, बोलायला कमी. दर पंधरा ऑगस्टला त्या रजा टाकत. का, ते कधी कुणी विचारलं नाही.

एका वर्षी टेंडर भरायचं होतं म्हणून त्यांना रजा मिळाली नाही. आम्ही भारतीय मंडळी मिठाई वाटत होतो. मी तिरंगी बर्फी त्यांच्यापुढे केली.

"तुमच्याही झेंड्याचे हेच रंग ना?" मी हसत म्हटलं.

त्यांनी तुकडा घेतला आणि तसाच हातात धरून बसल्या. बोटांना तूप लागलं तरी खाली ठेवेनात.

"आज माझ्या बहिणीचा दिवस आहे."

मला वाढदिवस वाटला. मी काही बोलणार एवढ्यात त्याच म्हणाल्या, "ह्याच तारखेला गेली ती."

उत्तर आयर्लंडमधलं ओमा हे त्यांचं गाव. साल अठ्ठ्याण्णव, शनिवारची दुपार. त्याच वर्षी शांततेचा करार झालेला, माणसं जरा निर्धास्त झालेली. शाळा उघडायच्या होत्या, म्हणून बहीण लेकीसाठी युनिफॉर्म आणायला बाजारात गेली. लेक मावशीपाशी, म्हणजे ह्यांच्यापाशीच थांबली. बॉम्ब ठेवल्याचा फोन आला, पण जागा नीट कळली नाही. पोलिसांनी लोकांना सुरक्षित म्हणून रस्त्याच्या ज्या टोकाला नेलं, बॉम्बची गाडी तिथेच उभी होती.

"तिला जिकडे जा म्हणाले तिकडे ती गेली गं," त्या म्हणाल्या. "एवढंच केलं तिने."

मला चिपळूणची माझी बहीण आठवली. दर जूनला युनिफॉर्मच्या दुकानातून मला फोन करते, गर्दीला शिव्या घालते.

संध्याकाळी ऑफिस रिकामं झालं. "तिकडे आता ती वेळ होईल," त्या म्हणाल्या. मी पर्स खाली ठेवून त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी माझा हात धरला आणि मोठ्याने रडल्या. मीही रडले.

पुढे त्या निवृत्त होऊन गावी परतल्या. मी दर वर्षी त्या संध्याकाळी फोन करायचे. फार बोलणं व्हायचं नाही, पण त्या वाट बघायच्या.

यंदा फोन त्यांच्या भाचीने, त्या बहिणीच्या लेकीने उचलला.

"मावशीला आता तारखा कळत नाहीत," ती म्हणाली. "माणसंही अधूनमधूनच ओळखते. आज काय आहे ते मी तिला सांगितलंच नाही. पण सकाळपासून विचारतेय, तुझी आई बाजारातून आली का म्हणून."

"मग काय सांगतेस?"

"येईल एवढ्यात, म्हणते." ती म्हणाली. "चुकतंय का माझं?"

"नाही गं. तसंच सांगत राहा."

मागून बाईंचा आवाज आला, कोण आहे म्हणून विचारत होत्या. भाचीने माझं नाव सांगितलं. त्यांना ओळख पटली नाही.