मोहाभोवती वळलेली बाग

बागेत काम करणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. सकाळी झाडून काढलेला पाला दुपारी पुन्हा तेवढाच पडलेला असतो. किश्श्यांचंही तसंच. जव्हारच्या टोकाला, पठाराच्या कडेवर ही बाग व्हायला लागली आणि मी तिथे सुपरवायझर म्हणून चिकटलो, तेव्हापासून रोज एखादा पडतोच. आता मुंबई-नाशिकचे पाहुणे गाडीतून उतरल्या उतरल्या "ती फेमस बाग कुठेय?" असं विचारतात, फोटो काढतात आणि जातात. किस्से आमच्याकडेच राहतात.

आमच्याकडे म्हणजे तिघांकडे. एक मी. दुसरा साखरशेतचा काशिनाथ, माळीकाम त्याच्याकडे. तिसरी येसूमावशी, कड्याखालच्या पाड्यावरची, निंदणीला यायची. डिझाइन मुंबईच्या एका मॅडमचं. बाई हुशार, स्वभावानेही चांगल्या. फक्त त्यांनी बाग आधी कॉम्प्युटरवर पाहिली आणि जमीन नंतर!

*

पहिलाच दिवस. मॅडमना फिरायच्या वाटेला 'नॅचरल कर्व्ह' हवा होता. जमिनीवर पांढऱ्या फक्कीने रेघ मारायची होती. मी टेप, खुंट्या, दोरी घेऊन घामाघूम झालो. रेघ काही केल्या मनासारखी वळेना. शेवटी काशिनाथने फक्कीचं घमेलं काखेत मारलं आणि एका दमात चालत, फक्की सोडत, मैदान पार केलं.

मॅडम बघतच राहिल्या. "परफेक्ट! हा कर्व्ह तुम्ही काढलात कसा?"

"मी कुठं काढला? नांगराचा बैल वळतो तेवढाच वळलो!"

ती वाट आजही तशीच आहे. मॅडमच्या ड्रॉइंगवर तिला रेडियस वगैरे आहे, तो काशिनाथच्या बैलाचा आहे.

*

मग लॉन झालं. बाजाराच्या दिवशी डोक्यावर भारे घेतलेल्या बाया लॉनच्या मधोमध सरळ चालत गेल्या. मॅडमनी मेंदीचं कुंपण लावायला सांगितलं. पुढच्या बाजारी मेंदीत बाईभर रुंदीचं भगदाड. पुन्हा मेंदी, पुन्हा भगदाड! मॅडम वैतागल्या आणि येसूमावशीला म्हणाल्या, "मावशी, तुमच्या बायकांना सांगा ना, शॉर्टकट मारू नका."

मावशीने खुरपं खाली ठेवलं. "शॉर्टकट नाय बाई. वाट हीच हाये. बाग मधी आली."

पुढच्या ड्रॉइंगमध्ये तिथे फरशीची पायवाट होती.

*

पावसाळ्यात मॅडमनी रंगीत पानांची महागडी रोपं पाठवली. वाफ्यांतलं गवत काढायचं काम मावशीकडे दिलं आणि मी दोन दिवस मोखाड्याला गेलो. परत येऊन बघतो तर वाफे लख्ख! कुर्डू आणि टाकळा तेवढा ओळीने डोलतोय. रंगीत रोपं कोपऱ्यात ढीग करून टाकलेली.

"मावशी, हे काय केलंस?"

"निंदलं. खायला येत नाय ते गवतच ना?"

मी डोक्याला हात लावून बसलो. संध्याकाळी तिने टाकळ्याची भाजी आणून दिली. चांगली होती, खोटं कशाला बोलू!

*

बाकांचाही किस्सा आहे. सगळे बाक दरीकडे तोंड करून. व्ह्यू! पाहुणे तसेच बसतात. आमची माणसं मात्र बाकाच्या पाठीवर हात टाकून, उलटी वळून, रस्त्याकडे बघत बसतात. मी एकदा मावशीला म्हटलं, "अगं, सूर्यास्त मागे राहिला."

"खाली माझंच घर हाये. ते बघायला इथवर कशाला चढू?"

*

आता मोहाचं सांगतो.

दुसऱ्या टप्प्यात कारंज्याचा चौक होता आणि चौकाच्या बरोबर मधोमध एक जुना मोह. ड्रॉइंगवर त्याच्याभोवती लाल गोल. लाल गोल म्हणजे तोडायचं झाड. हा मोह येसूमावशीचा. कागदावर नव्हे, पण इकडे कुठल्या मोहाखालची फुलं कुठल्या घराने वेचायची हे पिढ्यांपासून ठरलेलं असतं. लग्न होऊन आली तेव्हा सासूने टोपली हातात देऊन तिला तो दाखवला होता. चैत्रात ती आदल्या दिवशी झाडाखालची जमीन झाडून ठेवते आणि उजाडताना वेचायला येते.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, जंगलात एवढे मोह आहेत!"

"त्यांच्या त्यांच्या बाया हायेत. हा गेला तर मी कोनाच्या झाडाखाली जाऊ?"

मॅडमना वाईट वाटलं. मलाही वाटलं. पण ड्रॉइंग मंजूर होतं. संध्याकाळी मीच ऑइलपेंटचा डबा उघडून मोहाच्या खोडावर लाल फुली मारली आणि घरी गेलो.

सकाळी सूर्यमाळची तोडणारी माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. मी पोचलो तेव्हा कुऱ्हाडी जमिनीवर, चपला लांब काढलेल्या, आणि सगळे हात जोडून उभे. मोहाच्या बुंध्याशी एक उभा दगड, लालभडक. पुढे नारळ, तांदूळ, उदबत्ती.

"साहेब, आम्ही नाय हात लावायचे," त्यांचा म्होरक्या म्हणाला. "देव हाये. तुम्ही सांगितलं नाय!"

मी वाकून पाहिलं. दगड वाटेच्या कडेला बसवायच्या आमच्याच कर्बिंगच्या दगडांच्या चळतीतला वाटत होता. बोट लावलं, बोट लाल झालं. रंगाच्या डब्याचं झाकण उघडंच होतं. काशिनाथ आभाळाकडे बघत होता. येसूमावशी खाली मान घालून गवत काढत होती. तिथे गवत नव्हतं.

मी बोट रुमालाला पुसलं, चपला काढल्या आणि हात जोडले.

कारंजं पन्नास पावलं सरकलं. चौक मोहाभोवती वळवला. काम पुरं झाल्यावर मॅडमनी प्रवेशद्वाराशी मोठा फलक लावला. बागेचा इतिहास, रचना, सगळं. पहिलंच वाक्य: 'या उद्यानाची संपूर्ण रचना एका पुरातन देवस्थानाभोवती गुंफलेली आहे.'

परवा, चैत्रातच, एक इतिहासाचे प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन आले. फलक वाचला, वही काढली आणि सगळी वरात घेऊन मोहाशी आले. येसूमावशी टोपली घेऊन वेचत होती. मी शेजारीच पाइप धरून उभा.

"मावशी," सरांनी अदबीने विचारलं, "हा देव इथे कधीपासून आहे?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मग दगडाकडे पाहिलं. मूठभर फुलं टोपलीत टाकली.

"रंग वाळायच्या आधीपासून!"

सरांनी ते वहीत लिहून घेतलं.