हळदीचा नाच आणि माझा उजवा हात

सर्जननी माझा सुजलेला हात बघितला आणि म्हणाले, "एक्स्ट्राव्हॅझेशन झालंय. लगेच ऑपरेशन करावं लागेल." मला वाटलं, पोटदुखीचंच काहीतरी भारी नाव असेल, कारण मी आले होते पोटासाठी. मग त्यांनी समजावलं: शिरेत जायचं औषध शिरेबाहेर मांसात पसरलं, आणि हात आतून भाजत गेला.

आम्ही सारसोळ्याचे कोळी. जन्मभर मासळी पचवली आणि पुतण्याच्या केळवणातल्या पनीरनं मला आडवं केलं! उलट्या-जुलाबांनी अंगातलं पोटॅशियम घटलं, म्हणून उजव्या हाताला पोटॅशियमची ड्रिप लावली. मी ब्लाउज शिवते. माझं सगळं त्याच हातावर.

त्याच संध्याकाळी घरी पुतण्याची हळद. आमच्यात काकीशिवाय हळद रंगत नाही, असं निदान काकीला तरी वाटतं. जाऊबाईंनी व्हिडिओ कॉल लावला आणि रेकॉर्डिंगही सुरू केलं. ती बाई उकळता चहासुद्धा रेकॉर्ड करते. तिकडे बँजो वाजला आणि इकडे मी बेडवर बसून दोन्ही हात वर केले.

थोड्या वेळात हात जळायला लागला. कॉल चालूच होता. सिस्टर आल्या तेव्हा सांगितलं. "पोटॅशियमनं होतंच तसं. हात हलवू नका," म्हणाल्या. ड्रिप चालूच राहिली. नंतर पुन्हा सांगितलं, तेव्हाही तेच उत्तर. सकाळी हात पावासारखा फुगलेला आणि बोटं वळेनात.

मेलेलं मांस काढलं. मग स्किन ग्राफ्ट केलं, म्हणजे मांडीची कातडी काढून हातावर लावली. आमच्या भाषेत ठिगळच. टाके बघून मी सर्जनना म्हटलं, "शिलाई चांगली आहे तुमची." ते हसले. मीही हसले, पण बोटांत कात्री धरवत नव्हती.

आम्ही ग्राहक आयोगात तक्रार केली. तिथं हॉस्पिटलच्या वकिलांनी काय दाखवावं? माझा नाच! जाऊबाईंनी हौसेनं टाकलेली रील. "पेशंट स्वतः नाचल्या, म्हणून सुई सरकली," ते म्हणाले. धरणी दुभंगली असती तर मी आधी जाऊबाईंना ढकललं असतं.

घरी येऊन म्हटलं, "सगळं पुसून टाक. केस मागे घेऊ. चूक माझीच दिसतेय."

"का गो? चोरी केलीस काय?" जाऊबाई उसळल्या. "रील बारकी हाय, तिच्यावर मी गानं लावलंय. पुरा व्हिडिओ माज्या फोनात हाय. त्यात तुजा आवाज हाय. नाय पुसनार!"

पूर्ण व्हिडिओ आयोगापुढे गेला. त्यात बँजोच्या मागे माझा आवाज स्पष्ट होता: "सिस्टर, हात जळतोय." सिस्टरचं उत्तरही होतं, आणि त्यानंतर चालूच राहिलेली ड्रिपही. तज्ज्ञ डॉक्टरांनी लेखी मत दिलं: हालचालीनं सुई सरकू शकते, पण पेशंटनं हात जळतोय असं सांगितल्यावर ड्रिप बंद करून सुई तपासायला हवी होती. ते काम हॉस्पिटलचं होतं, पेशंटचं नव्हे. आयोगानं निष्काळजीपणा मान्य केला. भरपाईतून हाताचं आणखी एक ऑपरेशन झालं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर मोठ्यानं सांगा. ऐकलं नाही तर ड्रिप बंद करायला लावा आणि डॉक्टरांना बोलवायला लावा. हॉस्पिटलच्या पेपरांच्या कॉप्या मागून घ्या. आणि आपण थोडे वेडेपणाने वागलो म्हणून दुसऱ्याची चूक अंगावर घेऊ नका. मी घेणारच होते.

आता कात्री धरता येते. काजं-बटणं मात्र बाहेर देते. परवा पुतण्याच्या मुलीच्या बारशाला बँजो वाजला. जाऊबाई मोबाईल घेऊन समोर उभ्याच होत्या. मी ठिगळाचा हात वर केला, बोटं उघडतील तेवढी उघडली आणि ओरडले, "नीट घे गो, आवाजासकट!"