मावशींनी दिलेली हाक

मूत्ररोगाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी शाहूवाडीच्या एक मावशी बसल्या होत्या.

"काय हुतंय, पावणं?"

"उन्हाळी लागलीय," मी म्हणालो.

"मी बी दोन वर्सं असंच म्हणून धने-जिऱ्याचं पाणी पीत हुते. डॉक्टर म्हणत्यात, लघवीच्या पिशवीला सूज लई दिस राहिली की पेशी एकमेकींस्नी 'वाढा, वाढा' असे चुकीचे निरोप धाडत्यात. तसाच मला क्यानसर झाला." पदरानं चष्मा पुसून त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "रगात जातंय?"

मी लाजत मान हलवली.

मावशी थेट दाराकडं बघून ओरडल्या, "डॉक्टर, ह्या पावण्यास्नी बी रगात जातंय!"

बायकोपासूनही लपवलेली गोष्ट साऱ्या रांगेनं ऐकली.

पंधरवड्यात माझी गाठ काढली. लहान होती. मावशींचं नाव मला अजून माहीत नाही. माझा आजार मात्र निम्म्या कोल्हापूरला माहीत आहे.