घोडतोंड्याचं वाद्य

टांगेवाल्याची पाठ सगळं गाव ओळखतं, तोंड फारसं कुणी बघत नाही. बन्सी पुणतांबा स्टेशनापासून वाडीपर्यंत अडीच मैल टांगा हाकायचा. मागं बसणाऱ्यांनी तीस वर्षं त्याची पाठ पाहिली होती, आणि त्यानं तीस वर्षं घोड्यांची. सदऱ्याला पाठीवर कुठं ठिगळ आहे हे वाडीतल्या बायकांना ठाऊक होतं. पण एकदा त्यानं मिशी काढली, तर ती गोष्ट गावाला आठ दिवसांनी कळली.

एकाहत्तर साली स्टेशनवर पहिला टेम्पो येऊन उभा राहिला. बन्सीनं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. आणखी दोन वर्षांनी आपली पाठसुद्धा कुणी बघणार नाही, हे त्याला तिथंच उमगलं. घरी येऊन तो बायकोला, राहीबाईला, म्हणाला की यंदा आपण सोंग घेणार.

चैत्री पुनवेला वाडीत सोंगं निघत. मारुतीच्या देवळातल्या पेटाऱ्यात उंबराच्या लाकडाचे मुखवटे होते: गणपती, नरसिंह, वेताळ, त्राटिका. एकेक सोंग एकेका घराकडं, बापाकडून मुलाकडं. नवा माणूस शिरायला फटच नव्हती. फक्त एक मुखवटा बेवारस होता. कपाळ माणसाचं, त्यावर टिळा, खाली लांबडं घोड्याचं तोंड आणि एक कान तुटलेला. शाळामास्तर म्हणायचे, हा किन्नर, देवांचा गवई. पेटाऱ्याची किल्ली बाळगणारे काकासाहेब पाटील म्हणायचे, आम्ही गाणारं घोडं पाहिलेलं नाही. गाव त्याला घोडतोंड्या म्हणायचं.

अडचण वाद्याची होती. वाडीत प्रत्येक सोंगाला आपलं वाद्य होतं, आणि ते त्याला शोभतं का हे ठरवायची रीत कडक होती. पंच पाराकडं पाठ करून बसत. मागं वाद्य वाजे. नुसत्या आवाजावरून कोण आलं ते ओळखू यायला हवं. संबळ वाजला की गणपती, शिंग फुंकलं की वेताळ. घोडतोंड्याचं वाद्य सांगणारं घर पटकीत संपलं होतं. काकासाहेबांनी बन्सीला मुखवटा दिला, पण बजावून. पुनवेआधी तीन शनिवार आहेत आणि चौथी संधी पुनवेलाच. तेवढ्यात वाद्य जमलं तर सोंग तुझं. न जमलं तर लाकूड गोदावरीत सोडून देऊ, उगाच पेटाऱ्यात जागा अडवतंय.

बन्सीनं फार विचार केला नाही. पहिल्या शनिवारी त्यानं चंद्रीच्या, म्हणजे आपल्या घोडीच्या, गळ्यातली घुंगरमाळ स्वतःच्या गळ्यात घातली आणि मुखवटा चढवून पारासमोर नाचला. पाठमोरे काकासाहेब न वळता म्हणाले, "बन्सी, टांगा देवळाला घासू नको. मागच्या वक्ताला पायरी फोडली हुतीस."

मग तो नूरमहंमदकडं गेला. नूरमहंमद बँडवाला. पुणतांब्यापासून कोल्हारापर्यंतच्या वराती त्यानं वाजवलेल्या. घरात भिंतीभर वाद्यं टांगलेली. त्यानं मुखवटा मांडीवर घेऊन उलटापालटा केला, तुटक्या कानात फुंकर मारली आणि सांगितलं की गवई आहे तर सनई दे. बन्सी आठ दिवस सनई फुंकत होता. राहीबाई त्या आठ दिवसांत दोनदा माहेरी जाऊन आली. दुसऱ्या शनिवारी पाराखाली सनई वाजली, तेव्हा काकासाहेबांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि काळजीनं विचारलं, "कुणाची शेळी अडलीया?"

गाव आठ दिवस हसलं. टांग्यात बसणारा प्रत्येक जण शेळीची तब्येत विचारायचा. बन्सी मान वळवायचा नाही; निदान हसणाऱ्यांना पाठच दिसू दे.

"नूरभाई, तूच सांग," तो म्हणाला. "घोडं वाजवतंय तरी काय?"

नूरमहंमद पान जमवत म्हणाला, "पाय, बन्सीभाऊ. दुसरं काय हाय त्याच्यापाशी?"

बन्सीला हे पटलं. त्यानं चंद्रीचे जुने नाल काढून आपल्या वहाणांना ठोकले. तिसऱ्या शनिवारी तो पारासमोरच्या दगडी फरशीवर उतरला. पहिली चार पावलं खरोखर चांगली वाजली. पंचांच्या माना ताठ झाल्या. काकासाहेब म्हणाले, "घोडं हाय. पर लंगडं हाय." एवढ्यात नाल घसरला आणि लंगडं घोडं पारावर आपटलं.

मुखवट्याला काही झालं नाही. बन्सीचं ढोपर फुटलं. राहीबाई त्यावर हळद दाबत असताना तो आढ्याकडं बघत हिशेब करत होता: घोड्याला चार पाय, माणसाला दोन. अर्धा ताल आणायचा कुठून? देवानं आपल्याला अर्धवट घडवलं, ही शंका त्याला पूर्वीही यायची. आता पुरावा मिळाला होता.

पुनव आली. बन्सी हट्टाला पेटला होता, पण डोक्यात काही उरलं नव्हतं. त्यानं नूरमहंमदच्या भिंतीवरची हलगी उतरवली. निदान ती वाजवायला फुंकर लागत नाही. नूरमहंमदनं तिला शेकोटीवर ऊब देऊन ताणली आणि विचारलं, "चंद्री कुठं हाय?"

प्रश्न बरोबर होता. चंद्री टांग्याला जुंपण्याआधी दहा वर्षं वरातीत नाचणारी घोडी होती. हलगी कानावर पडली की तिला समोरचं काही दिसायचं नाही. एकदा वाटेत वरात लागली, तेव्हा तलाठ्याच्या सासूबाई ट्रंकेसकट नवरीच्या मांडवापर्यंत नाचत गेल्या होत्या. तेव्हापासून नूरमहंमदचा बँड स्टेशनच्या रस्त्याला आला की बन्सी टांगा शेतात घालायचा.

बन्सीनं सांगितलं की घोडी घरी बांधली आहे, दाव्याला दुहेरी गाठ आहे आणि राहीबाई राखणीला बसली आहे.

दुपार कलताना सोंगं निघाली. गणपती झाला, वेताळ झाला, त्राटिकेनं चार पोरं रडवली. शेवटी घोडतोंड्याची पाळी आली. पंचांनी पाठ केली. पाराभोवती सगळी वाडी उभी होती आणि अर्ध्यांनी आधीच तोंडावर पदर, उपरणी धरली होती. बन्सीनं हलगीवर काडी टाकली. दुखऱ्या ढोपरानं एक गिरकी घेतली. हलगी साधीच वाजत होती. काकासाहेबांनी तोंड उघडलं. "तमाशा" म्हणणार, हे सगळ्यांना कळलं.

तेवढ्यात बोळातून चंद्री आली.

गळ्यात दावं लोंबत होतं. लोक दोन बाजूंना पांगले. ती फरशीवर चढली आणि बन्सीच्या मागं उभी राहून नाचू लागली. पाय उचलायचा, क्षणभर धरायचा, नेमका काडीवर टाकायचा. बन्सीला मुखवट्याच्या दोन भोकांतून समोरचंच दिसत होतं. आवाज मात्र त्याला कळला. त्यानं काडी आवरली, तर खूर आवरले. त्यानं काडी सैल सोडली, तर खूर धावले. तीस वर्षांत पहिल्यांदा घोडं त्याच्या मागं होतं.

कुणी हसलं नाही. काकासाहेबांनी उघडलेलं तोंड मिटलं होतं. मग ते हळू बोलले, जणू स्वतःशी.

"घोडा हाय... न्हाई. घोड्याला एवढं कळत न्हाई. मानूस बी न्हाई. मानसाला चार पाय कुठनं?" त्यांनी मांडीवर हात आपटला. "घोडतोंड्या आला."

पंच वळले. घोडी दिसली, आणि मग दहा मिनिटं पारावर कुणालाच कुणाचं ऐकू येईना. मुखवट्याच्या आत बन्सीचं तोंड कसं झालं होतं, हे याही वेळी कुणी पाहिलं नाही. त्याची बाहेर पडायची घाईही दिसली नाही.

रिवाजाप्रमाणं सोंगाला फेटा आणि वाद्याला नारळ देतात. नारळ कुणाला, यावर पंचांत वाद झाला. नूरमहंमदचं म्हणणं पडलं की हलगी माझी असली तरी ती नुसती बोलावणं होती. शेवटी नारळ चंद्रीपुढं धरला. तिनं तो हुंगून सोडला आणि काकासाहेबांच्या गळ्यातला झेंडूचा हार खाल्ला.

घरी आल्यावर बन्सीनं फेटा न काढताच राहीबाईला विचारलं की दुहेरी गाठ सुटली कशी.

"घोडी वढत हुती. फास बसला असता तिला."

"मग धरायची."

"धरली की," राहीबाई चुलीकडं तोंड करून म्हणाली. "पार येईस्तवर धरली हुती. पुढं गर्दी लई."

बन्सी तिच्या पाठीकडं बघत राहिला. खांद्याखाली एक ठिगळ होतं. ते त्यानं आधी कधी पाहिलं नव्हतं.