माशीवाल्यांचं तर्पण

बाबांना त्यांचे मेलेले वडील पहिल्यांदा दिसले ते दुपारच्या कॉफीच्या वेळी. पार्सलवाला नुकताच येऊन गेला होता आणि नुंगंबाक्कमच्या आमच्या फ्लॅटचं दार उघडंच राहिलं होतं. बाबांनी टंबलर माझ्या हातात परत दिला आणि दाराकडे बोट केलं. तमिळ मुलखात मुरलेल्या आमच्या घरच्या मराठीत ते म्हणाले, "आधी आप्पास दे. केव्हाचे उभे हायत." दारात कोणी नव्हतं. मी दार लावून घेतलं.

दुसऱ्या कुणाचे वडील असते तर म्हातारपण म्हणून मी सोडून दिलं असतं. पण माझे बाबा प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. उभा जन्म त्यांनी आनुवंशिकता शिकवली, आणि भुताखेतांचं नाव काढलं की ते माणसाच्या अंगावर जात. त्यांचे देव वेगळे होते, नि सगळे अमेरिकेतले. एक जण दुधाच्या बाटल्यांत केळी घालून फळमाश्या वाढवायचा. लाल डोळ्यांच्या माश्यांत त्याला एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला, आणि त्याच्या पोराबाळांचा हिशेब लावता लावता जनुकं रंगसूत्रांवर बसलेली असतात हे त्यानं दाखवून दिलं. दुसरा त्याचाच विद्यार्थी. कॉलेजचा गृहपाठ बाजूला सारून त्या पोरानं कुठलं जनुक कुठे बसतं याचा पहिला नकाशा काढला. तिसरा त्याच मंडळींतला. त्यानं माश्यांवर क्ष-किरण सोडले आणि जनुकं बाहेरून बदलता येतात हे सिद्ध केलं. शिवाय मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके बघत आयुष्य काढणारी एक बाई होती. जनुकं जागा सोडून उड्या मारतात, असं ती सांगत होती. वर्षानुवर्षं कुणी नीट ऐकून घेतलं नाही, पण तिनं मका सोडला नाही. आमच्या घरी ध्रुवबाळाची गोष्ट कुणी सांगितली नाही, या माशीवाल्यांच्या सांगितल्या. "हेच आमचं गोत्र," बाबा म्हणायचे.

आप्पा, म्हणजे माझे आजोबा, जॉर्ज टाउनात एका व्यापाऱ्याकडे कारकून होते. ते गेले तेव्हा बाबांनी अग्नी दिला आणि हात झटकले. पिंड नाही, तीळपाणी नाही. आत्या रडून म्हणाली, "अरे, ते तान्हेलेच राहतील." त्यावर बाबा म्हणाले, "आत्मा कोणत्या रंगसूत्रावर असतो तेवढं दाखव, लगेच बसतो." हा किस्सा ते दरवर्षी वर्गात सांगत आणि पोरं हसत. मीही हसायची.

विसरण्याचा आजार आला आणि एकेक पुसत गेला. पेन्शन, घराचा पत्ता, आई वारल्याचं दुःखसुद्धा. माशीवाले राहिले, आप्पा राहिले, आणि मी राहिले. मला ते अजून ओळखत होते, त्या आधारावर माझे दिवस जात होते.

पण आप्पा आता रोज येऊ लागले. "पाणी मागतात," बाबा म्हणायचे. "ते तान्हेले, मी कसा पिऊ?" पेला ओठांशी नेऊन ते दाराकडे बघायचे आणि तसाच खाली ठेवायचे. मी रागावले, आर्जवं केली, चमच्यानं पाजायला गेले तर तोंड घट्ट मिटून बसले. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की असंच चाललं तर फार दिवस निघणार नाहीत. आणि मी? दारातली ती जागा ओलांडताना मी अंग चोरू लागले होते. भीती वाटायची, सरळ भीती. एवढं विज्ञान ऐकून वाढलेली मी, पण पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी महालय अमावास्येला मी वाध्यारांना, आमच्या उपाध्यायांना बोलावलं. बाबांच्या साऱ्या आयुष्याच्या विरुद्ध मी हे करत होते. पण जाब विचारणारे ते बाबा होते कुठे?

वाध्यारांनी बाबांच्या गळ्यात नवं जानवं घातलं, ते उजव्या खांद्यावर घेतलं, बोटात दर्भ अडकवला, तळहातावर काळे तीळ ठेवले. "सर, तीन पिढ्यांची नावं सांगा."

बाबा ताठ बसले. माशीवाल्याचं नाव त्यांनी आडनावासकट खणखणीत घेतलं. मग नकाशावाल्याचं, मग क्ष-किरणवाल्याचं. वाध्यारांनी माझ्याकडे पाहिलं. ते कोण, हे मी सांगितलं.

"गुरूच ना? गुरूंसही पाणी असतं," ते म्हणाले आणि पळीनं पाणी घालत राहिले. मग बाबांनी मक्याच्या बाईंचंही नाव घेतलं. "तिला लेकरं नाहीत," ते म्हणाले. "तीस कोण देणार?"

"सरी, बरं. आता वडिलांचं नाव."

बाबांना नाव आठवेना. कपाळावर घाम आला. मग ते म्हणाले, "ते काय, दारात हायत. त्यांसच पुसा."

वाध्यारांनी वळून पाहिलं. मीही पाहिलं. मग मी मोठ्यानं आप्पांचं नाव सांगितलं. माझ्या ओठांकडे बघत बाबांनी ते एकेक अक्षर उच्चारलं आणि अंगठ्याच्या बाजूनं पाणी सोडलं. बराच वेळ ते दाराकडे बघत होते.

"प्याले," ते म्हणाले. "गेले."

मी पेला पुढे केला. बाबा घटाघटा प्यायले, आणखी मागून घेतलं. मला रडू आवरेना. दाराची जागा मला एकदम नुसती दाराची जागा दिसली.

तेवढ्यात त्यांनी पुन्हा तीळ उचलले. पाहुण्याकडे बघावं तसं अदबीनं माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हीही केव्हाच्या उभ्या आहात. नाव सांगा, तुम्हांसही देतो."

"सर, नको! जिवंत माणसाला—" वाध्यारांनी घाईनं त्यांचा हात धरला.

मी वाध्यारांना थांबवलं. बाबांच्या समोर खाली बसले आणि त्यांनीच ठेवलेलं माझं नाव त्यांना सांगितलं.