धुतलेलं ट्रेसिंग कापड

मीरा, ओंकार — हे मी तुमच्या बाबांनाही कधी सांगितलेलं नाही. परवा फोनवर ओंकारने विचारलं, "आजी, आजोबा युद्धाबद्दल कधीच काही बोलले नाहीत?" मी पटकन म्हणाले, "नाही रे." तेही खोटंच. म्हणून आज लिहिते आहे.

आजोबा सैन्यात पूल बांधायचे. युद्धानंतर पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन झाले. तेव्हा यंत्रांचे नकाशे ट्रेसिंग कापडावर काढत — खळ चढवलेलं, निळसर, तलम सुती कापड. रद्द झालेले नकाशे घरी येत. आम्ही बायका ते गरम पाण्यात भिजवायचो; खळीबरोबर शाई निघून जाई, हाती मलमल उरे. आमच्या कॉलनीतली निम्मी बाळं त्याच मलमलीच्या झबल्यांत वाढली.

उरलेल्या कोऱ्या तुकड्यांवर आजोबा युद्धाची चित्रं काढत. सैनिक नाही, झेंडा नाही. पूल म्हणजे तीन तुटक्या रेघा. भिंतींशिवाय उभं एक दार. एका बाईचा चेहरा — दोन्ही डोळे एकाच बाजूला, तोंड उघडं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, पण चित्र म्हणजे नदी आणि डोंगर, एवढीच माझी समज. शेजारच्या शकुंतलाबाई म्हणाल्या, "वहिनी, भावजींना सरळ माणूस काढता येत नाही होय?" मीही हसले. ते आतच होते. ऐकलं असेल? दोन खोल्यांच्या घरात ऐकू कसं येणार नाही?

तुमच्या बाबांच्या वेळी, सातव्या महिन्यात, मी त्यांची सगळी अकरा चित्रं गरम पाण्याच्या बादलीत घातली. चुकून? — नाही. गठ्ठा वेगळा बांधलेला होता, वर त्यांच्या हातचं 'ठेवणे' लिहिलेलं. चित्रं मला कळली नाहीत, असं मी स्वतःला बजावत आले. कळली होती. त्या बाईचं किंचाळणं मला स्पष्ट ऐकू येत होतं, आणि मला ते घरात नको होतं.

संध्याकाळी सांगितलं — रद्द नकाशांबरोबर चुकून गेली. त्यांनी दोरीवरचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं. म्हणाले, "चांगलं निघालंय."

पुन्हा त्यांनी चित्र काढलं नाही. चाळीसहून अधिक वर्षं आम्ही एका ताटलीत पोहे खाल्ले. खरं सांगायला मला रोज वेळ होता. ते गेले तेही 'चुकून' यावर विश्वास ठेवून — किंवा ठेवल्यासारखं दाखवून.

त्या कापडाचं एक झबलं चिंचवडच्या या घरात, माझ्या कपाटात घडी करून ठेवलं आहे. डाव्या खांद्याखाली तीन तुटक्या रेघा अजून दिसतात.