परघरी दिलेल्या लेकी

ताई मापाची टेप लावायची ती केवळ समोरच्या बाईच्या समाधानासाठी. बाई उंबऱ्यात उभी राहिली की ताईच्या डोळ्यांनी तिची छाती-कंबर मोजून झालेली असे. सोनईत बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत तिचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. एखादी लाजून माप कमी सांगू लागली की ताई खडू कानामागे खोचून म्हणायची, "अगं बये, माझ्यापासून काय चोरतीस? खोटं माप सांगितलं तर कापड रडतं, मी न्हाई!"

ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मी पारनेरला कॉलेजच्या ग्रंथालयात. तिच्या भाषेत "कागद खानारी वाळवी". तिला मूल नव्हतं. माझी लेक गौरी सगळ्या सुट्ट्या तिच्याकडेच काढायची.

छातीतली गाठ ताईला स्वतःलाच लागली, सत्तेचाळिसाव्या वर्षी. नगरच्या दवाखान्यात फॉर्म मी भरला, कारण घरात अक्षर माझं चांगलं. डॉक्टरांनी विचारलं, "घराण्यात कुणाला कॅन्सर?" मी "नाही" म्हणालो. खोटं बोललो नव्हतो. आमच्याकडे लेक लग्न करून गेली की तिचं घराणं बदलतं. तिचं दुखणंही सासरचं होतं. आमच्या दोन आत्या, एक शेवगावला दिलेली, एक नेवाशाला, दोघी चाळिशीत छातीच्या गाठीनेच गेल्या होत्या. मला त्या आठवल्यासुद्धा नाहीत.

वर्षभराने आजार उलटला. सलाईन लावणाऱ्या नर्सशी गप्पा मारताना ताई सहज आत्यांचं बोलून गेली आणि शेजारच्या खाटेपाशी उभे असलेले डॉक्टर खुर्ची ओढून बसले. मग रक्ताची जनुकीय तपासणी झाली. काही आठवड्यांनी निकाल आला. "दोष वडिलांकडून आलेला दिसतो," डॉक्टर म्हणाले. "भावातही असू शकतो. त्याच्यात असला तर मुलीत उतरायची शक्यता निम्मी."

परतताना एसटीत ताई खिडकीशी बसली. घोडेगाव मागे पडल्यावर म्हणाली, "बापू, म्हंजे मी बी तुझ्या घरान्यात न्हाई का रं?"

मी तिकिटांच्या घड्या घालत राहिलो.

त्यानंतर ती माझ्या मागे लागली. "रक्त दे. सुईला भितो व्हय?" मी परीक्षा, पुस्तकांची मोजणी, पाहुणे अशी कारणं पुढे करत राहिलो. गौरी समोर जेवायला बसली की मला तिच्या चेहऱ्यात माझ्या दोन्ही आत्या दिसू लागत. तिच्यासाठी स्थळं पाहणं सुरू होतं. पाहुण्यांनी "मुलीच्या आत्याला काय झालंय?" म्हणून विचारलं, तर मी "अशक्तपणा" म्हणून सांगत होतो.

गौरीसमोर ताईने कधी चेहरा पाडला नाही. केस गेल्यावर टक्कल चोळत म्हणाली, "गौरे, उवांची काळजी वाटती गं. कुठं जातील बिचाऱ्या?" गौरी हसून लोळली.

पण एकदा, गौरी आत चहा ठेवत असताना, ताईने माझं मनगट धरलं. "मला लई भ्या वाटतं, बापू. मरनाचं बी वाटतं. पन तू पोरीपाशी गप बसशील, याचं जास्त वाटतं."

ती श्रावणात गेली. तेरावं झाल्यावर मी नगरला जाऊन रक्त दिलं. निकाल आला. दोष माझ्यात आहे.

गौरीला मी ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. माझ्या आत्यांची नावं प्रथमच तिच्यासमोर घेतली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती ऐकत राहिली. येत्या सोमवारी तिचं रक्त द्यायचं आहे.

"आत्या नव्हती ना घाबरली?" तिने विचारलं. "ती तर सारखी हसत असायची."

मी तिच्या बोटाची ओढणी सोडवली.

"घाबरली होती," मी म्हणालो. "फार घाबरली होती."

गौरीने कोंडून धरलेला श्वास सोडला. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती मोठ्याने रडू लागली.